ऐकू येण्याइतकी जागा

वरण-भाताचा कुकर लावला की घड्याळाकडे बघावं लागत नाही. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, हा हिशेब ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या स्वयंपाकघरांत कानांवरच चालतो. खरं तर झाकणावरचं वजन दाब आटोक्यात ठेवण्यासाठी असतं. आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट झाला की वाफ ते वजन उचलते, फुसकारत बाहेर पडते आणि दाब उतरला की वजन पुन्हा जागेवर बसतं. त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं १९५९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्सचा एक कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येच आहे. या यंत्रात आवाज ही आपोआप घडणारी गोष्ट होती. पण मराठी घरांनी तिचंच मोजमाप केलं. बाई बाहेरच्या खोलीत मुलाचा अभ्यास घेत असते आणि कान स्वयंपाकघरात असतो. शिट्टी लांबली तर पाणी आटल्याची शंका येते, नुसतीच वाफ फुसफुसत राहिली तर रिंग खराब झाल्याची. घरातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचं असंच आहे. नळाला पाणी येण्याआधीची खरखर, मिक्सरमध्ये चटणी बारीक होत आली की बदलणारा सूर, पंख्याचं बेअरिंग जायला लागल्याची कुरकुर, फोडणीतल्या मोहरीची तडतड थांबणं: हे सगळे आवाज काहीतरी सांगत असतात. शहराच्या आवाजाचा प्रश्न आपण आजवर ‘गोंगाट किती’ एवढ्याच बाजूनं विचारला. माझं म्हणणं असं, की त्याहून आधी विचारायचा प्रश्न ‘या गोंगाटात काय ऐकू येईनासं झालं’ हा आहे. आणि कायद्यानं, महापालिकांनी, घरं बांधणाऱ्यांनी आपली मोजपट्टी या प्रश्नाला लावून बघायला हवी.

ठाणे-कल्याणचा हा पट्टा रेल्वेच्या आवाजावरच वाढला. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८८७ मध्ये डोंबिवलीला स्थानक झालं. रेल्वे हे बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ खडखडाटाचं साधन वाटेल. पण आत शिरलं तर ती ठरवून दिलेल्या आवाजांची एक शिस्तबद्ध भाषा आहे. लोकलच्या शेवटच्या डब्यातला गार्ड, ज्याला आता ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, घंटीचे दोन ठोके देतो तेव्हा मोटरमन गाडी सोडतो. एक ठोका म्हणजे थांब. फाटकाच्या अलीकडे रुळांच्या कडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते, तिथे भोंगा वाजवायचाच असतो. अपघात किंवा दाट धुकं असेल तर रुळांवर फटाकेवजा सिग्नल बांधतात. चाकाखाली ते फुटले की चालकाला पुढचा धोका कळतो. दिसत नाही तिथे आवाजानं काम भागवायचं, हे या सगळ्यामागचं तत्त्व. लोकलच्या मोटारींचे आवाजही पिढीगणिक बदलले. जुन्या डीसी गाड्यांच्या मोटारींची घरघर आणि थ्री-फेज मोटारींचा चढत जाणारा सूर यांतला फरक रोजचा प्रवासी डोळे मिटूनही ओळखतो. पुढे लोकलच्या फलाटांवर दिव्यांगांच्या डब्याची जागा कळावी म्हणून बीपर बसवले गेले. दृष्टिहीन प्रवाशानं त्या ‘बीप’च्या रोखानं चालत जाऊन उभं राहावं, ही कल्पना अतिशय योग्य. पण संध्याकाळी सातला डोंबिवलीच्या फलाटावर उद्घोषणा, शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या मेलचा भोंगा, पंखे आणि हजारो माणसांचं बोलणं एकत्र होतं, तेव्हा तो बीपर सुरू आहे की बंद, याला फारसा अर्थ उरत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं, तरी त्याचा उपयोग संपलेला असतो.

डोंबिवलीला तर या गोष्टीची किंमत फार जवळून ठाऊक आहे. २६ मे २०१६ रोजी एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले, माणसं गेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. रासायनिक कारखाने आणि राहती घरं इतकी लगत असलेल्या गावात धोक्याचा भोंगा ही शेवटच्या मिनिटांतली मोठी आशा असते. तो भोंगा किती डेसिबलचा आहे हे कागदावर लिहिलेलं असू शकतं. बंद स्लायडिंग खिडक्या, चालू एसी आणि रस्त्यावरची वाहतूक यांच्यापलीकडे तो नेमका कुठल्या गल्लीपर्यंत कळतो, हे मात्र गल्लीत उभं राहूनच कळेल.

गोंगाटाविरुद्धच्या लढाईत ठाण्याचं नाव देशाच्या कायद्याच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे, आणि तिची थोरवी मान्य करूनच पुढचं बोलायला हवं. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठानं तिच्यावर सविस्तर निकाल दिला. गोंगाटापासून मुक्त जगणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ध्वनिक्षेपक लावणं हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यात स्पष्ट झालं. शहरांचे ध्वनिनकाशे करण्याचे आदेशही त्यातच होते. या सगळ्याला आधार होता तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं नियमांत दुरुस्ती केली आणि राज्य सरकारनं अधिसूचित केल्याशिवाय कुठलीही जागा आपोआप शांतता क्षेत्र ठरणार नाही असं लिहिलं. त्यामुळे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं कवच पातळ झालं. हे पाऊल मागे नेणारं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कवच जाड असो की पातळ, ते मोजणाऱ्या उपकरणाची एक मूळची मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ बोललंच जात नाही.

नियमांतलं एकक नुसतं डेसिबल नाही, ते ‘डीबी(ए)’ आहे. माणसाचा कान सर्व सुरांना सारखा तिखट नसतो; साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वांत तीक्ष्ण आणि खालच्या, घुमणाऱ्या सुरांना मंद. म्हणून मोजताना खालच्या सुरांतून ठरावीक वजाबाकी केली जाते. १००० हर्ट्झला वजाबाकी शून्य, १२५ हर्ट्झला सुमारे १६ डेसिबल, ६३ हर्ट्झला तब्बल २६. हळू आवाजांच्या बाबतीत ही पद्धत ठीक चालते. डीजेच्या भिंतीसमोर ती लंगडी पडते, कारण तिथली बरीचशी ताकद याच खालच्या पट्ट्यात असते. शिवाय भिंती आणि बंद खिडक्या वरचे सूर अडवतात, खालचे सहज आत सोडतात. म्हणून दोन इमारती पलीकडच्या घरात गाण्याचे शब्द पोचत नाहीत, धपधप मात्र छातीत जाणवते, तावदानं थरथरतात. आणि मोजयंत्रावरचा आकडा त्या मानानं सौम्य दिसतो. दुसरी मर्यादा सरासरीची. नियम ठरावीक काळातल्या ध्वनिऊर्जेची सरासरी बघतात. एका फलाटावर तासाभरात दहा गाड्या धडधडत गेल्या आणि मधले क्षण मोकळे राहिले. दुसऱ्यावर तासभर जनरेटर एकसुरी गुरगुरत राहिला. सरासरी दोन्हीकडे सारखी येऊ शकते. पहिल्या फलाटावर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात उद्घोषणा कळते, बीपर कळतो, सोबतच्या माणसाचं बोलणं कळतं. दुसऱ्यावर यातलं काहीच धड कळत नाही. आकड्यानं दोघांना एकच गुण दिले आणि ऐकण्याच्या दृष्टीनं त्या दोन फलाटांत जमीन-अस्मानाचं अंतर राहिलं.

शाळेच्या वर्गात हे अंतर सर्वांत जास्त बोचतं. बोलणाऱ्याचे शब्द ताण न घेता कळायचे तर त्याचा आवाज भोवतीच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलनं वर असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्येच वर्गासाठी ३५ डेसिबलची पार्श्वभूमी सुचवली ती याच हिशेबानं. आता एखादी शाळा हमरस्त्यालगत आहे असं धरू. शिक्षकाचा आवाज एक मीटरवर ६५ डेसिबल. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे आठ मीटरवर ४७. भिंतींच्या परावर्तनानं वर्गात ही घट थोडी कमी होते, हे धरूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज पन्नाशीच्या आसपासच राहतो. बाहेरून उघड्या खिडकीतून ५० डेसिबल येत असतील, म्हणजे शांतता क्षेत्राच्या दिवसाच्या मर्यादेत अगदी चपखल बसत असतील, तरीही शेवटच्या बाकावरच्या मुलाला बरेच शब्द अंदाजानं भरावे लागणार. नियम पाळला गेला आणि धडा पोचला नाही, असं होऊ शकतं. आणि आपल्याकडे ५० हा आकडाही क्वचितच पाळला जातो. जे मूल घरी दुसरी भाषा बोलतं, त्याला असा गाळलेला शब्द भरून काढणं आणखी जड जातं. त्याच्या मागे पडण्याचं कारण पुढे कुठल्याच प्रगतिपुस्तकात ‘ऐकू आलं नाही’ असं लिहिलं जात नाही.

पक्ष्यांना तर एकक समजण्याची सोयच नाही, त्यांना थेट परिणाम भोगावे लागतात. अमेरिकी ध्वनिसंग्राहक बर्नी क्राउझ यांनी जंगलांचे आवाज वर्षानुवर्षं टिपून एक सिद्धांत मांडला, की निरोगी अधिवासात प्राणी आवाजाची जागा आपसांत वाटून घेतात: कुणी खालचा सूर, कुणी वरचा, कुणी पहाट, कुणी तिन्हीसांज. ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगरांच्या पायथ्याशी ही वाटणी आजही ऐकता येते. उन्हाळ्यात पहाटेआधी कोकीळ नर सुरू होतो, उजाडताना दयाळ लांबलचक, वळणावळणाची शीळ घालतो, भर दुपारी बाकीचे गप्प असताना तांबट एकसारखा खालच्या सुरात टुक-टुक करत बसतो, वळीव जवळ आला की पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, अंधार पडला की पिंगळ्याची कचकच आणि मग रातव्याचे ठोके. आता या वाटणीत वाहतुकीचा अखंड, खालच्या सुरातला घोष घुसला तर काय होतं? नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ख्रीट पेट यांनी ‘ग्रेट टिट’ या छोट्या पक्ष्याचा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला: गोंगाटाच्या भागातले नर आपल्या गाण्यातले खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गात होते. २०२० च्या टाळेबंदीनं उलटा प्रयोग घडवला. सॅन फ्रान्सिस्कोतली वाहतूक १९५० च्या दशकाइतकी विरळ झाली, तेव्हा तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमण्या हळू आवाजात गायला लागल्या, त्यांच्या गाण्यातले हरवलेले खालचे सूर परत आले आणि आवाज लहान करूनही तो आधीच्या दुप्पट अंतरावर पोचू लागला. मला या अभ्यासातला हा शेवटचा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. ओरडावं लागलं नाही, म्हणून पोचलं.

काही जण पटकन म्हणतील, पक्षी जुळवून घेतात, मग अडचण काय? जुळवून घेण्याची किंमत असते आणि ती सर्वांना परवडत नाही. ज्याचा गळाच खालच्या सुरासाठी घडलाय, त्या तांबटानं किंवा घुबडानं वर कुठे जायचं? शिवाय आवाज हा नुसता प्रणयाचा विषय नाही. बिबट्या फिरायला लागला की वानर खाकरल्यासारखा इशारा देतं, चितळ तीक्ष्ण साद घालतं, पाड्यावरची कुत्री वेगळ्या सुरात भुंकतात. राष्ट्रीय उद्यानाला चिकटून राहणाऱ्या येऊरच्या आदिवासी पाड्यांना अंधारात बाहेर पडताना या सादींचा आधार असतो. तिथल्या बंगल्यांमधल्या, हॉटेलांमधल्या आणि टर्फवरच्या रात्रीच्या दणदणाटाबद्दल रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी कित्येक वर्षं तक्रारी करत आहेत. त्या तक्रारी ‘झोपमोड’ या सदरात टाकल्या जातात. त्या रात्री वानराचा इशारा कुणाला ऐकू आला नाही, ही नोंद करायला आपल्या अर्जांत रकानाच नाही.

कल्याणच्या जुन्या गल्ल्यांत माणसांनीही जंगलासारखीच वाटणी केली होती, असं म्हणायला पुरेसा आधार आहे. पिंजारी धनुकलीच्या तातेचा टणत्कार करत यायचा, पाववाला सायकलच्या रबरी भोंग्यावर, कुल्फीवाला घंटीवर, फुगेवाला ओल्या बोटानं फुगा किरकिरवत, वासुदेव पहाटे चिपळ्या-टाळांवर, सिलिंडरवाला पान्यानं टाकीवर ठोके देत. शब्द कळण्याची गरज नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला वस्तूच्या नादावरून कोण आलंय ते कळायचं. कचऱ्याच्या गाडीचं तर नावच घंटागाडी पडलं. या साधनांमध्ये एक गोष्ट समान आहे: तो आवाज फिरत येतो, थोडा वेळ वाजतो, निघून जातो आणि दोन आवाजांच्या मध्ये पोकळी ठेवतो. आज त्याच गल्लीत भंगारवाला, भाजीवाला, पाववाला यांच्या गाडीवर बॅटरीचा ध्वनिक्षेपक असतो आणि त्यात एकच वाक्य फिरून फिरून वाजत राहतं. त्याला दोष देणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच दाखवलं, की भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. रस्ता वाढला, इमारत चार मजल्यांची वीस मजल्यांची झाली, खिडकीला काच बसली. गळ्यानं ओरडून पोट भरेना, म्हणून त्यानं यंत्र घेतलं. शेजारच्या गाडीवाल्यानं त्याहून मोठं घेतलं. गोंगाट असाच स्वतःला वाढवत नेतो: प्रत्येक जण निव्वळ ऐकू जाण्यासाठी आवाज वाढवतो आणि शेवटी कुणाचंच ऐकू येत नाही. त्यामुळे त्या विक्रेत्याचं यंत्र जप्त करून प्रश्न सुटणार नाही. ज्या वाहतुकीच्या तळघोषावर त्याला चढावं लागतं, तो उतरवावा लागेल.

वस्तूचा आवाज माणसाच्या आवाजाला जागा देतो की गिळतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण मराठी मुलुखात नोंदलेलं आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून, अनेक सहकाऱ्यांच्या साथीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर भरलेला तो संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर लोकांसमोर येतो आहे. एवढं काव्य एका दगडी यंत्राच्या सोबतीनं का जन्मलं, याची सामाजिक कारणं पुष्कळ आहेत. पहाटेचा एकांत, दोघींची जोडी, सासर-माहेरचं दुःख. पण एक कारण निखळ ध्वनीचंही आहे. जात्याची घरघर खालच्या सुरातली, हळू आणि लयीत फिरणारी. तिच्यावर बाईचा आवाज सहज तरंगतो, खुंट्याचा प्रत्येक फेरा ओवीला ताल देतो. विजेची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, ते चांगलंच झालं. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला ‘तुझं जातं परत आण’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. मात्र गिरणीत माणूस गाऊ शकत नाही, दळणाचा डबा देताना मोठ्यानं ओरडून नाव सांगावं लागतं, हेही तितकंच खरं. कष्ट कमी करणारी यंत्रं बनवताना त्यांनी माणसाच्या आवाजाला वाव ठेवावा, ही अट घालणं शक्य होतं. ती कुणी घातली नाही.

याच मुद्द्यावर पहिला मोठा आक्षेप येतो: हे सगळं जुन्या दिवसांची हळहळ आहे. तसं ते असतं तर मला विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं उदाहरण देता आलं नसतं, आणि ते तर अगदी आजचं आहे. टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेच्या, ताफ्यात २०२३ पासून विजेच्या बस धावतात. हळू वेगात अशी गाडी जवळजवळ निःशब्द असते, त्यामुळे दृष्टिहीन माणसाला आणि लहान मुलाला ती आल्याचं कळत नाही. युरोपीय संघानं २०१९ पासून नव्या प्रकारच्या विद्युत मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करणं सक्तीचं केलं. ज्या खंडानं २००२ मध्ये गोंगाटाविरुद्ध निर्देश काढून शहरांना ध्वनिनकाशे करायला लावले, त्यानंच पुढे गाडीला आवाज जोडायला सांगितलं. यात विसंगती अजिबात नाही. दोन्ही निर्णय एकाच समजुतीतून आले आहेत: आवाज असावा, तो कामाचा असावा आणि त्यानं दुसऱ्याच्या कामाचा आवाज बुडवू नये. आवाज गोड आहे की कर्कश, यालाही दुय्यम स्थान आहे. गाड्यांचे हॉर्न बासरी, तबला अशा भारतीय वाद्यांच्या आवाजाचे असावेत, अशी कल्पना नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये मांडली होती. तिचा हेतू चांगला होता, पण ठाण्याच्या पोखरण रोडवर शंभर बासऱ्या एकाच वेळी वाजल्या तरी रुग्णवाहिकेचा भोंगा बुडायचा तो बुडणारच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कामाचा आवाज कुठला आणि बिनकामाचा कुठला, हे कुणी ठरवायचं? कसारा-कर्जतच्या गाड्यांत टाळ घेऊन बसणाऱ्या भजनी मंडळींना ते दिवसभराच्या दमणुकीवरचं औषध वाटतं. त्याच डब्यात रात्रपाळी करून परतणाऱ्याला ती शिक्षा वाटते आणि तो रेल्वे कायद्याच्या १४५व्या कलमाकडे बोट दाखवतो. माझ्या मते इथे आवाजाच्या पावित्र्याची चौकशी करूच नये, त्याच्या वागण्याची करावी. तो थांबतो का? थांबतो तेव्हा दुसऱ्याचा ऐकू येतो का? नको असणाऱ्याला त्यापासून दूर जाता येतं का? गर्दीनं चेपलेल्या डब्यात शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येतं, म्हणून तिथे टाळांनी नमतं घ्यावं. तेच टाळ देवळाच्या मंडपात सुखेनैव वाजावेत. भोंगा न लावता दिलेली अजान आणि भोंगा न लावता म्हटलेली काकडआरती आपापल्या आळीपर्यंत पोचतात आणि संपतात. सणाचंही हेच. डोंबिवलीनं १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर गेली. ढोल-ताशा फडके रोडवरून सकाळी जातो, दणाणतो, पुढे सरकतो. मला त्यात गैर दिसत नाही. कायदाही वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतो. एका जागी तासन्‌तास उभ्या केलेल्या, घराच्या भिंती हलवणाऱ्या बेसला मात्र या तिन्ही प्रश्नांत एकही होकार मिळत नाही.

सवय होते, हा तिसरा आक्षेप, आणि तो बहुतेक वेळा रुळांलगत किंवा घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांच्याच तोंडून येतो. जाग येणं बंद होतं हे खरं. झोपेतल्या माणसाच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मात्र गाडी गेली की प्रतिसाद देत राहतात, हे झोपेच्या अभ्यासांनी वारंवार दाखवलंय. आणि वय वाढतं तसे कानाचे वरचे सूर आधी जातात. स, श, त, क ही व्यंजनं तिथेच राहतात. साठीच्या माणसाला शांत खोलीत बोलणं नीट कळतं, गोंगाटात कळत नाही. तो हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतो, घरचे म्हणतात स्वभाव बदलला. सवय झाली म्हणणाऱ्यानं स्वतःच्या घरातल्या आजोबांकडे या नजरेनं एकदा बघावं.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: कायद्याला आकडा लागतो, ‘ऐकू येणं’ मोजणार कसं? आकडा सोडा असं मी म्हणत नाही. डेसिबल नसता तर बेडेकरांची याचिका उभीच राहिली नसती. त्याच्या जोडीला आणखी मोजमापं हवीत आणि ती अस्तित्वात आहेत. खालच्या सुरांची वजाबाकी जवळजवळ न करणारं ‘सी’ मापन कित्येक मोजयंत्रांत असतं. डीजेच्या तक्रारीत ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही आकडे नोंदवायला नव्या कायद्याचीही वाट बघायला नको. उद्घोषणा किती कळते हे मोजण्याच्या प्रमाणित पद्धती आहेत. २०१४ मध्ये आयएसओनं ‘साउंडस्केप’ची व्याख्या करताना माणसाला तो परिसर कसा ऐकू येतो हेच केंद्रस्थानी ठेवलं. वेल्सनं २०२४ मध्ये हवेची शुद्धता आणि ध्वनिपरिसर यांचा एकत्र कायदा केला. फ्रान्सनं जानेवारी २०२१ मध्ये खेड्यांतल्या आवाजांना आणि वासांना वारशाचं संरक्षण दिलं; त्याआधी ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याची बांग कोर्टात गेली होती आणि कोंबडा जिंकला होता. जपाननं तर १९९६ मध्येच लोकांकडून सूचना मागवल्या, ७३८ आल्या आणि त्यांतून देशातले १०० जपण्याजोगे ध्वनिपरिसर निवडले. ओखोत्स्क समुद्रातल्या तरंगत्या बर्फाचा आवाज त्यात आहे आणि मिझुसावा रेल्वे स्थानकावर उन्हाळ्यात टांगलेल्या लोखंडी घंटिकांचाही. रेल्वे स्थानकाचा आवाज तिथे जपण्याच्या यादीत जाऊ शकला.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना अशी यादी करता येईल. कौपिनेश्वराच्या देवळातल्या घंटेपासून खाडीवरच्या पाणपक्ष्यांच्या कलकलाटापर्यंत लोक पुष्कळ सुचवतील. त्याहून तातडीचं काम मात्र आत्ता उभ्या राहणाऱ्या बांधकामांत आहे. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचा उन्नत मार्ग होतो आहे, डोंबिवलीतल्या तीन-चार मजली इमारती पाडून मनोरे येत आहेत, कल्याण-शिळ रस्त्यालगत वसाहती वाढत आहेत. समोरासमोरच्या काचेच्या भिंती रस्त्याचा आवाज एकमेकींवर फेकत राहतात. मधे झाडांचा पट्टा, मागे सरकवलेली गॅलरी, रस्त्याकडे पाठ करून ठेवलेलं झोपण्याचं दालन यांनी तो कमी होतो. बांधकामाच्या परवानगीत आग, पाणी, पार्किंग तपासतात. त्यात एक ओळ वाढवावी: पुनर्विकसित शाळेच्या शेवटच्या बाकावर शिक्षकाचा आवाज रस्त्याच्या आवाजापेक्षा किमान १५ डेसिबल वर राहतो, हे वर्ग भरण्याच्या वेळेत मोजून दाखवावं. एमआयडीसीलगतच्या प्रत्येक सोसायटीत वर्षातून दोनदा, एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्री, खिडक्या बंद ठेवून धोक्याचा भोंगा कळतो का ते तपासावं. आणि दिव्यांगांच्या डब्यासमोरचा बीपर तपासायला जाणाऱ्या रेल्वे अधिकाऱ्यानं दुपारी दोनच्या मोकळ्या फलाटावर न जाता संध्याकाळी सातला जावं, दृष्टिहीन प्रवाशांना सोबत घेऊन.